अनुभवी नजर की अपगारचे पाच निकष?

बाळ जन्मलं की मुरलेल्या सुईणीला नुसतं बघूनच कळतं, काहीतरी बिनसलंय. ही नजर फार वेगवान. पण ती शिकवता येत नाही, आणि रात्रपाळीच्या नवख्या डॉक्टरकडे ती नसतेच.

न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली पाच निकष मांडले: ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग. प्रत्येकी ० ते २ गुण, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. ठोके १०० च्या वर, तर दोन. अंग गुलाबी पण हातपाय निळसर, तर एक. नवख्यालाही जमतं, म्हणून मला हीच पद्धत मोलाची वाटते. मात्र बाळ श्वासच घेत नसेल, तर गुण मोजत थांबायचं नाही. तिथे हात आधी चालायला हवेत.