ॲस्टरिस्क व्हॉइसमेल, सहा महिन्यांनंतर: मॅक्सलॉगिन्सवरचा राग आणि खरं भोक

ॲस्टरिस्क म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज चालवणारं मोफत सॉफ्टवेअर. फुकटात मिळणारं व्हॉइसमेल म्हणून त्याला नावं ठेवायला जागा कमीच. संदेश ईमेलवर जातात, यंत्रणा महिनोन् महिने बंद पडत नाही. डोकं फिरतं ते सेटिंग्जमधल्या एका ओळीवर: मॅक्सलॉगिन्स, न बदलल्यास ३. नावावरून वाटतं, तीनदा चुकलं की मेलबॉक्सला कुलूप. कसलं कुलूप! नुसता फोन कटतो. परत लावा, परत तीन संधी.

चार अंकी पासवर्डच्या शक्यता १०,०००. फोनमागे तीन प्रयत्न, म्हणजे जास्तीत जास्त ३,३३४ फोन. फोनला ३० सेकंद धरले तर साधारण २८ तास, आणि दहा लाइनींवरून एकदम केलं तर तीन तासही नाहीत. पुन्हा पुन्हा चुकणारा आयपी पत्ता अडवणाऱ्या फेल-टू-बॅनचा इथे उपयोग नाही. ट्रंकवरून, म्हणजे फोन कंपनीच्या जोडणीवरून, येणाऱ्या प्रत्येक फोनमागे सेवादात्याचाच आयपी दिसतो, तो अडवला की सगळेच फोन बंद. यावर सुरक्षेचं विकतचं यंत्र घ्यायची गरज नाही. मिनपासवर्ड=६ (पासवर्ड किमान सहा अंकी) केलं की हेच काम शंभरपट लांबतं. फक्त हा नियम पासवर्ड बदलतानाच लागतो, जुने चार अंकी तसेच चालू राहतात. ते शोधून हाताने बदलावे लागतात.

आता मत थोडं बदललंय. मॅक्सलॉगिन्सचा धोका निदान उघड दिसतो, फोर्सनेम या दुसऱ्या सेटिंगचा दिसत नाही. ते चालू केलं की नव्या माणसाकडून नाव रेकॉर्ड करून घेतं, पासवर्ड बदलून घेतं. छान सोय. पण नवा कोण हे ठरतं कशावरून? मेलबॉक्स नंबर आणि पासवर्ड एकच असण्यावरून! १०५ चा पासवर्ड १०५. जो आधी फोन करेल, मेलबॉक्स त्याचा. काही लोक तर आपला मेलबॉक्स कधी उघडतच नाहीत. त्यापेक्षा फोर्सनेम बंद ठेवून प्रत्येकाला आडवेतिडवे सहा अंक द्यावेत. व्हॉइसमेलमध्ये शिरल्यावर ०, मग ५ दाबलं की पासवर्ड बदलता येतो.

लोक १२३४५६ ठेवणारच, त्यासाठी एक्स्टर्नपासचेक आहे. तिथे दिलेल्या स्क्रिप्टला मेलबॉक्स, कॉन्टेक्स्ट (मेलबॉक्स ज्या गटात आहे त्याचं नाव), जुना आणि नवा पासवर्ड याच क्रमाने मिळतात. सगळे अंक सारखे, ओळीने चढते-उतरते, मेलबॉक्स नंबरच दोनदा, किंवा जुनाच पुन्हा, यातलं काही असलं तर स्क्रिप्टने इनव्हॅलिड छापायचं, नाहीतर व्हॅलिड. दहा-पंधरा ओळींत भागतं.

पासवर्ड साध्या अक्षरांत साठवतात, हे मात्र अजून पटत नाही. व्हॉइसमेल डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलचा बॅकअप ज्याच्या हाती, सगळे मेलबॉक्स त्याच्या हाती. शिवाय कुणी फोनवरून पासवर्ड बदलला की ॲस्टरिस्क तीच फाइल पुन्हा लिहितं. त्याच वेळी ती एडिटरमध्ये उघडी असेल आणि सेव्ह केली, की जुना पासवर्ड परत. पासवर्डलोकेशन=स्पूलडिर केल्यास प्रत्येकाची वेगळी सीक्रेट डॉट कॉन्फ फाइल स्पूलमध्ये, म्हणजे संदेश साठतात त्या फोल्डरमध्ये, होते आणि ही मारामारी थांबते. पण विसरलेला पासवर्ड मग त्या फाइलमध्येच बदलून ॲस्टरिस्कला ती पुन्हा वाचायला लावायची. मूळ फाइलमध्ये कितीही खरडलं तरी स्पूलमधलाच चालतो.

डायलआउट (व्हॉइसमेलमधून बाहेर फोन लावणं) आणि कॉलबॅक (संदेश ठेवणाऱ्याला उलट फोन) या सेटिंग्ज गरज नसेल तर रिकाम्या ठेवा. पासवर्ड फुटला तरी निदान तुमच्या बिलावर कुणी परदेशी फोन लावणार नाही.

सामायिक मेलबॉक्सच्या पासवर्डाआधी उणे चिन्ह घाला, मग तो फोनवरून बदलता येत नाही. पासवर्ड माहीत असलेलं कुणी काम सोडून गेलं, तर फाइलमधली त्या मेलबॉक्सची ओळ त्याच दिवशी हाताने बदलायची.