तपासणीत आधी नापास, मग पास: माझी कॅम्पर व्हॅन, आठ महिन्यांनंतर

मालवाहू व्हॅनचे कॅम्परमध्ये, म्हणजे प्रवासात राहता-झोपता येईल अशा गाडीत, रूपांतर करून घेतल्याला आठ महिने झाले. या काळात वाहन तपासणी दोनदा झाली. पहिल्या वेळी गाडी नापास झाली, आणि तेव्हा ज्या अटी मला निव्वळ अडवणुकीच्या वाटल्या होत्या, त्यांतील बहुतेकांचा अर्थ वापरातूनच उलगडत गेला.

खरी अडचण वजनाची होती. गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन 3500 किलो आहे आणि फर्निचर हलक्या प्लायवूडचे असल्यामुळे मी निर्धास्त होतो. 90 लिटर पाणी म्हणजे 90 किलो, हा शाळकरी हिशेबसुद्धा मी केला नव्हता. तरीही एकूण वजन मर्यादेत भरले, पण मागच्या एक्सलवरचे (चाकांच्या आसावरचे) भरले नाही, कारण टाकी, बॅटऱ्या आणि ओटा हे सगळे मी मागच्या चाकांच्याही मागे बसवले होते. तिथे ठेवलेले वजन तरफेसारखे वागते: ते पुढचा एक्सल हलका करते आणि मागच्या एक्सलवर स्वतःपेक्षा अधिक भार टाकते. टाकी दोन्ही एक्सलांच्या मध्ये आणल्यावर गाडी पास झालीच, शिवाय ओल्या रस्त्यावर वळताना स्टिअरिंग जे संशयास्पद हलके लागत असे, तेही थांबले.

सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र हवे, अशी अट आहे; ते छिद्र मी चिखल आत येतो या सबबीखाली बुजवून टाकले होते, हे कबूल करतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, आणि छताची खिडकी कितीही वेळ उघडी ठेवली तरी त्याचा भरवसा धरता येत नाही. आता छिद्राला बाहेरून पत्र्याचा आडोसा आहे आणि चिखल येत नाही.

आडव्या बाकाबद्दल तपासनिसांचा आक्षेप रास्त होता. सीटबेल्टचा आधार लाकडी चौकटीला नव्हे, तर गाडीच्या सांगाड्याला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या 14 क्रमांकाच्या वाहन नियमात हे आधारबिंदू प्रत्यक्ष ओढून तपासण्याची पद्धत आहे, आणि माझे स्क्रू त्या ओढीला क्षणभरही टिकले नसते. तो बाक आता फक्त गाडी थांबल्यावर वापरतो.

माझी तक्रार एवढीच की तपासणी त्या दिवशीची गाडी पाहते. हादऱ्यांनी ओट्याच्या कोनपट्टीचे दोन स्क्रू सहाव्या महिन्यात ढिले झाले, एका वायरचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून उघडे पडले आणि छतावर मी नंतर एक पेटीही चढवली. मागच्या आठवड्यात पाणी, सामान आणि माणसांसह गाडी वजनकाट्यावर नेली, तेव्हा 3460 किलो भरले. पेटी उतरवली आहे.