महाकाल लोक, उज्जैन: आधी दर्शन, मग शिल्पे

इंदूरच्या मराठी घरांत लग्न ठरले किंवा बाळ झाले की उज्जैनला महाकालेश्वराच्या दर्शनाला जाऊन येतात. आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले, हे घरातली वडीलधारी माणसे दर वेळी अभिमानाने सांगतात. 11 ऑक्टोबर 2022 रोजी महाकाल लोकाचे, म्हणजे मंदिराकडे नेणाऱ्या शिल्पांनी सजवलेल्या नव्या मार्गाचे, लोकार्पण झाले. त्यानंतर मी ऐंशीच्या घरातल्या आईला घेऊन दोनदा तेथे गेलो.

सोयीबद्दल मनापासून समाधान वाटले. पूर्वी दुकाने आणि वाहनांनी भरलेल्या गल्लीतून जाताना आईचा हात क्षणभरही सोडता येत नसे. आता मंदिराजवळच्या रुद्रसागर तलावाच्या काठाने नऊशे मीटरहून लांब, रुंद मार्ग आहे आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेवरच्या गाड्या आहेत. शिवाच्या तांडवमुद्रा कोरलेल्या 108 स्तंभांपाशी माझ्या मुलीने प्रश्न विचारले आणि आजीने तिला कथा सांगितल्या, हेही या मार्गाचे मोठेच देणे आहे.

मूर्तींच्या टिकाऊपणाविषयी मात्र खेद वाटतो. 28 मे 2023 च्या वादळात सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. त्या फायबरच्या होत्या. ज्या माळव्यात अहिल्याबाईंच्या काळचे दगडी घाट अजून उभे आहेत, तेथे मूर्ती थोड्या असल्या तरी चालतील, पण त्या दगडाच्याच हव्यात.

त्याहून महत्त्वाची उणीव मांडणीत आहे. जुन्या गल्लीत बेलफुलांखेरीज पाहण्यासारखे फारसे नसे, त्यामुळे ओठांवर आपोआप नाम येई. आता दक्षिणमुखी ज्योतिर्लिंगासमोर पोहोचेपर्यंत डोळे इतके भरून जातात की मन स्थिर व्हायला वेळच उरत नाही. 2028 च्या सिंहस्थासाठी आणखी कामे होतीलच. त्यांत मंदिरालगतचा शेवटचा टप्पा मूर्ती, रंगीत दिवे आणि ध्वनिक्षेपक यांच्याविना ठेवावा, तेथे केवळ झाडे आणि बसायला ओटे असावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

तोवर ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी सोमवार आणि श्रावण टाळावा, आधी दर्शन घ्यावे आणि शिल्पे परतताना पाहावीत. दुसऱ्या खेपेला आम्ही तसेच केले आणि आईची जपमाळ रांगेतच पूर्ण झाली.