चिठ्ठीवाचून डेक्सामेथासोन न देणारे लालबागचे औषधाचे दुकान

लालबागच्या बाजारातील या दुकानातून आमच्या घरी मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे वर्षानुवर्षे येतात, मात्र त्याविषयी लिहावेसे वाटले ते २०२१ च्या एप्रिलमध्ये मिळालेल्या एका नकारामुळे. वडिलांना करोना झाला होता, तिसऱ्या दिवशीही ताप हटत नव्हता, ऑक्सिमीटर ९६ दाखवीत होता आणि एका नातेवाइकाने व्हॉट्सॲपवर धाडलेल्या यादीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. मालकांनी पॅरासिटामॉल काढून दिले आणि त्या नावावर बोट ठेवून विचारले, "बाबांना ऑक्सिजन लावलाय का? नाही ना? मग ही गोळी त्यांच्यासाठी नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, लगेच देतो."

मला रागच आला. दमा, संधिवात, ॲलर्जी यांवर १९६० च्या दशकापासून दिली जाणारी आणि पट्टीला जेमतेम काही रुपये पडणारी गोळी कुणी अडवून धरावी, हे पटण्यासारखे नव्हते. मालक किती नेमके बोलले होते, ते पुढे वाचनातून उमगले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत हे औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिले गेले, तेव्हा व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्यू शंभरी सुमारे ४१ वरून २९ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांना त्याहून कमी लाभ झाला आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काहीच झाला नाही. याचे कारण असे की हे औषध विषाणूला मारत नाही, तर विषाणूशी लढताना शरीराने स्वतःच्याच फुप्फुसांत पेटवलेला दाह शमवते. तो पेटण्याआधी घेतले तर प्रतिकारशक्ती तेवढी दबते, आणि मधुमेह्याची साखर भडकते ती वेगळीच. त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या, बातम्यांत साखर आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसू लागली, तेव्हा माझा राग पुरता उतरला.

आठव्या दिवशी वडिलांचा ऑक्सिजन ९० वर आला, त्यांना रुग्णालयात हलवले आणि तिथे ऑक्सिजनसोबत डॉक्टरांनी हेच डेक्सामेथासोन सुरू केले. ते बरे होऊन घरी आले.

दुकान दुपारी एक ते चार बंद असते, घरपोच औषधे सांगितलेल्या वेळेला क्वचितच येतात आणि सुट्ट्या पैशांवरून मालकांची कुरकुर ठरलेली असते. चिठ्ठी मात्र ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, आणि शंका आली की गिऱ्हाइकाला थांबवून थेट डॉक्टरांना फोन लावतात.