सोलापूर लाल डाळिंब: साठ झाडांवरून सांगते

सांगोला तालुक्यात आमचं भगवा वाणाचं दोन एकर डाळिंब आहे. 2019 साली त्याच्या कडेला सोलापूर लालची साठ झाडं लावली. रोपं थेट केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातून आणली, कारण त्याआधी एका रोपवाटिकेने भगवा म्हणून दिलेल्या रोपांत गणेश हा दुसराच वाण बराच निघाला होता. फळ धरेपर्यंत कळत नाही, तोवर दोन वर्षं गेलेली असतात.

हा वाण 2017 साली आला. भगवा, गणेश, नाना आणि हिमालयाकडचं ‘दारू’ नावाचं रानटी डाळिंब यांच्या संकरातून तो तयार केलाय. मला ओढ लागली ती लोहामुळे. शंभर ग्रॅम ताज्या दाण्यांत 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह, नेहमीच्या वाणात जेमतेम तीन. क जीवनसत्त्वही जास्त, आणि लोह अंगी लागायला तेच मदत करतं. माझ्या धाकट्या जावेचं हिमोग्लोबिन तेव्हा आठवर आलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्या तिने सोडल्या नाहीत, डाळिंबाने त्या सुटतही नाहीत. पण घरचं फळ खायचंच, तर कसदार का नको?

आता खताचं. वाण चांगला म्हणून काहीही टाकलं तरी चालेल, असं अजिबात नाही. 2021 च्या आंबे बहारात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या बहारात, दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन ओळींना फळ धरल्यानंतरही युरिया सोडत राहिलो. फळ टम्म फुगलं, झाडावर नुसती पालवी. बाकीच्या ओळींचा युरिया बंद करून शेवटचे दोन महिने ठिबकमधून 0:0:50 हे पोटॅशचं खत दिलं होतं. तोडणीच्या दिवशी दोन्हीकडचा एकेक दाणा गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दाबला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. युरियाच्या फळाची रेघ तेरावर, पोटॅशच्या फळाची साडेपंधरावर. युरियाचा दाणा गुलाबी आणि पाणचट. दुसरा इतका गडद की बोटांवरचा डाग संध्याकाळपर्यंत गेला नाही.

आमची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) 8.2. शेंड्याची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. मातीत लोह असून झाडाला उचलता येत नव्हतं. ईडीटीए चिलेटमधलं, म्हणजे झाडाला उचलता यावं म्हणून बांधून ठेवलेलं लोह दिलं, पण एवढ्या सामूला ते टिकत नाही, पैसे वाया गेले. ईडीडीएचए हे दुसरं चिलेट महाग आहे, पण त्याने नवी पालवी हिरवी आली. शेणखत आणि निंबोळी पेंड दरवर्षी असतेच.

उणी बाजूही सांगते. व्यापारी सालीची चकाकी बघतो, म्हणून आडतीवर दर भगव्यालाच. तेल्या रोगाची फवारणी इथेही चुकत नाही. चवीला भगव्यापेक्षा किंचित आंबूस, लहान मुलं पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात. पण रस काढा, तो रंग बघत राहावंसं वाटतं. आम्ही ही फळं आडतीला पाठवतच नाही. पंढरपूरच्या रसवाल्याला आणि ओळखीच्या घरांना देतो, तिथे भाव पडत नाही.

सगळा माल आडतीला जाणार असेल तर भगवाच ठेवा. घरी खायला, रसाला आणि थेट विक्रीला मात्र हा वाण जरूर लावा. आम्ही यंदा त्याची आणखी चाळीस झाडं लावतोय, बांधाकडच्या पट्ट्यात. खड्डे घेऊन झालेत, शेणखत मुरतंय.