मराठी मजकुरासाठी रेजेक्स: पायथन, पीसीआरई२, आरई२ की रस्ट?

रेजेक्स म्हणजे मजकुरात हवा तो तुकडा शोधण्यासाठी लिहिलेला पॅटर्न; तोच पॅटर्न वेगवेगळ्या लायब्रऱ्यांत वेगळा वागतो. पायथनच्या ‘आरई’ मॉड्यूलला ‘मराठी’ या शब्दावर बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस, म्हणजे सलग शब्द पकडणारा पॅटर्न, चालवायला सांगा. हाती दोन तुकडे येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. काना आणि वेलांटी गळून पडतात, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकीय यादीत, त्यांची नोंद अक्षर म्हणून नाही, चिन्ह म्हणून आहे. हाच पॅटर्न गूगलच्या आरई२ लायब्ररीला दिला तर काहीच सापडत नाही. तिथे बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर. रस्ट भाषेचं रेजेक्स क्रेट (लायब्ररी) मात्र अख्खा शब्द परत करतं, आणि पायथनसाठी वेगळं इन्स्टॉल करायचं ‘रेजेक्स’ मॉड्यूलसुद्धा. तेव्हा पॅटर्न खोडत बसण्याआधी तो कुठल्या लायब्ररीत चालतोय ते बघा.

अंकांचं उलट होतं. पायथनमध्ये अंक पकडणारं बॅकस्लॅश-डी देवनागरी ‘९८’लाही होकार देतं, आरई२ देत नाही. मोबाइल नंबर तपासणाऱ्या फॉर्ममध्ये हा फरक हमखास नडतो.

पर्यायांचा क्रमही तपासा. ‘मत किंवा मतदार’ असा पॅटर्न ‘मतदार’वर लावला तर पायथन आणि पीसीआरई२ ही सी भाषेतली लायब्ररी पहिला पर्याय घेऊन ‘मत’वर थांबतात, ग्रेप-ई ही मजकूर शोधणारी कमांड मात्र सर्वांत लांब जुळणी घेते.

पीसीआरई२ सुविधांनी सगळ्यात श्रीमंत आहे: मागेपुढे डोकावणं (जुळणीच्या आधी-नंतर काय आहे ते तपासणं), आधी जुळलेला तुकडा पुन्हा वापरणं, सगळं येतं. पण ते बॅकट्रॅकिंगवर चालतं, म्हणजे एक वाट फसली की मागे येऊन दुसरी वाट चाचपतं. २ जुलै २०१९ला क्लाउडफ्लेअरची सेवा एका रेजेक्समुळे जगभर सुमारे २७ मिनिटं कोलमडली, ती याच बॅकट्रॅकिंगपायी. आरई२ आणि रस्टचं क्रेट डोकावणं आणि जुळलेला तुकडा पुन्हा वापरणं या दोन्ही सुविधा देतच नाहीत. त्या बदल्यात मजकूर वाढला की वेळ त्याच प्रमाणात वाढतो, त्याहून जास्त नाही. शिवाय न चालणारा पॅटर्न ती सुरुवातीलाच एरर देऊन नाकारतात. गुपचूप चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पॅटर्न बाहेरचा माणूस देणार असेल तर मी डोळे झाकून आरई२ किंवा रस्ट घेईन. स्वतःच्या स्क्रिप्टसाठी पायथनचं ‘रेजेक्स’ मॉड्यूल पुरतं. पीसीआरई२ घ्या, पण मागे डोकावल्याशिवाय कामच होत नसेल तेव्हा, आणि मॅच लिमिट, म्हणजे जुळणीच्या प्रयत्नांवरची मर्यादा, लावून.

आरई२मध्ये मराठी शब्द पकडताना युनिकोडचे एल (अक्षरं) आणि एम (चिन्हं) हे दोन्ही वर्ग एकाच चौकटी कंसात लिहा. त्यातच शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं जोडणारं चिन्ह यू+२००डी, घाला. ‘दुसऱ्या’ हा शब्द साधा र आणि हा जोडक वापरून टाइप केलेला असेल, तर जोडकाशिवाय तो मधोमध तुटतो.