बीए इकॉनॉमिक्सचा क्लास, राजारामपुरी, कोल्हापूर : 5 पैकी 4 स्टार

मी मराठी मीडियमची, बारावी आर्ट्स. बीएला मेजर इकॉनॉमिक्स घेतलं आणि पहिल्याच सेमिस्टरला पार गोंधळले, म्हणून हा क्लास लावला, आता टीवायला आहे तरी सोडला नाही.

सरांच्या आकृत्या म्हणजे नाद खुळा. मागणी वक्रात (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते दाखवणारी रेषा) किंमत उभ्या अक्षावर का घेतात तेच मला कळत नव्हतं, शाळेच्या गणितात तर जे आपण बदलतो ते आडव्या अक्षावर असायचं. सर म्हणाले ही अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलची पद्धत, त्याच्या 1890 च्या पुस्तकापासून रूढ झाली ती आजपर्यंत चालू आहे. बास, तिथून पुढं आकृती पाठ करावी लागली नाही. शिवाय फळ्यावर सीमांत उपयोगिता आणि मार्जिनल युटिलिटी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितात, आमच्यासारख्यांना त्याचा लई आधार वाटतो.

दिवाळी पाडव्यानंतर एका सकाळी आम्हाला शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला नेलं होतं. व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग बघतात, खडा तोंडात टाकून बघतात आणि मग बोली, आणि एकाच थप्पीत दोन शेतकऱ्यांच्या गुळाला वेगळा दर. पूर्ण स्पर्धेत वस्तू एकजिनसी, म्हणजे सगळ्या विक्रेत्यांची अगदी सारखी असते असं आम्ही पेपरात लिहून आलो होतो, सरांनी तिथंच उभं राहून विचारलं, हा गूळ एकजिनसी आहे का? परत येताना ऊस कारखान्याला घालायचा का गुऱ्हाळाला यावर बोलणं निघालं, 2025-26 ची एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर) क्विंटलला 355 रुपये, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणारी साखर), गूळ करायचा तर ते पैसे सोडायचे, हाच संधी खर्च. आमचे पप्पा हा हिशोब दरवर्षी जेवताना करतात, त्याला पुस्तकात नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

एक स्टार कापला तो गणितासाठी. स्टॅटिस्टिक्स आणि डेरिव्हेटिव्ह परीक्षेच्या तोंडावर दोन महिन्यांत उरकतात. आयआयटी जॅमला (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा) 2021 पासून इकॉनॉमिक्सचा पेपर आहे, त्यात गणित आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही येतं, एमएला चांगल्या ठिकाणी जायचं तर हे एफवायपासूनच पाहिजे. मला आता रात्री बसून लॉगपासून सुरुवात करावी लागतीय, त्याचं खरंच वाईट वाटतं. सरांना सांगितलंय, जूनपासून रविवारी वेगळी गणिताची बॅच काढतो म्हणालेत.

फी दोन हप्त्यांत घेतात. सकाळी सातच्या बॅचला जा आणि पुढचा बाक धरा, मागून खडूच्या बारीक रेषा दिसत नाहीत.